कारभारी, हा ठराव तुमीच सोडवणार होते

कारभारी, तुमच्या नावाचा बोर्ड आज शाळेच्या भिंतीवर लागला. पेंटरनं रंगवला, पण अक्षर माहं आहे. कागदावर मीच लिहून देल्लं अन् त्यानं तसंच्या तसं उतरवलं. वर तुमचं नाव, त्याच्याआधी 'कै.', अन् खाली मोठ्या अक्षरात, 'शाळेच्या आत फक्त मराठी व इंग्रजी बोलावे.' जे वाक्य तुमी स्वतः उठून मागं घेणार होते, तेच तुमच्या नावाखाली ऑइल पेंटमध्ये पक्कं झालं. पावसानंबी जाणार नाही म्हणते पेंटर.

मले तुमचा राग आला आहे. मेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, म्हणू द्या. शनिवारी मीटिंग होती, तुमी गुरुवारी सकाळी चहाची बशी हातात घेऊन गेले. दोन दिवस थांबता आलं नाही तुमाले? तहसीलीत साहेब बाहेर येईपर्यंत दारात ठाण मांडून बसणारा माणूस, अन् वरून मात्र बोलावणं आलं तसे निघाले. एक शब्दबी भांडले नाही. माह्याशी मात्र नऊ वर्सं भांडले.

आज हे पुस्तकी भाषेत लिहायचं नाही असं ठरवून बसली आहे. शोकसभेत तेवढं पुस्तकी बोलून घेतलं. 'शिक्षणप्रेमी अध्यक्ष', 'तांड्याचा आधारवड', असलं काहीबाही. तुमी असते तं मागच्या ओळीतून ओरडले असते, मॅडम, कोणाबद्दल बोलून राह्यल्या जी, मले बी सांगा.

आपलं पहिलं भांडण आठवते का? मी पांढरकवड्याहून स्कूटीवर येऊन नुकती तुमच्या तांड्यावर रुजू झाली होती. पहिलीचे पोट्टे माह्याकडं नुसते पाहत राहत. मी मराठीत विचारलं का मान खाली. सुट्टी झाली का हेच पोट्टे गोरबोलीत, त्याईच्या घरच्या बंजारा बोलीत, असे बोलत का चिमण्यांचा थवाच. मग मी एक काम सुरू केलं. सकाळी सगळ्याईले गोल बसवायचं, काल घरी काय झालं ते त्याईच्या बोलीत सांगू द्यायचं, अन् ते जसं बोलले तसं फळ्याच्या डाव्या बाजूले लिहायचं. उजव्या बाजूले तेच मराठीत. आपलं बोलणं फळ्यावर दिसलं का पोट्टे उठून बोट लावत, हे माहं वाक्य, हे माहं. अक्षर ओळखायच्या आधी ते आपलं वाक्य ओळखत.

एक दिवस एका पोरीनं सांगितलं का याडीनं, म्हंजे मायनं, बाटी केली. मी डावीकडं 'बाटी' लिहिलं, उजवीकडं 'भाकर'. तुमी खिडकीतून पाहत होते. चपला बाहेर काढल्या, आत आले, खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् माह्या डोळ्यादेखत 'बाटी' पुसून टाकली. नुसती बाटी. बाकीचं काही नाही.

"फळा माहा आहे!" मी ओरडली. नवीन होती, वय कमी, नाकाच्या शेंड्यावर राग.

"फळा तुमचा, पोट्टे आमचे," तुमी म्हणले. "डावीकडचं आमाले घरी येते. उजवीकडचं शिकवा. शाळा त्यासाठी आहे."

अन् खडूनं पांढरा झालेला दुपट्टा खांद्यावर टाकून निघून गेले. शाळा समितीचे अध्यक्ष तुमी आहे हे मले दुपारी हेडसरनं सांगितलं. तांड्यात नायकाच्या खालोखाल कारभारी असते अन् थे कारभारी तुमीच हेबी तवाच कळलं. मी कपाळाले हात लावला.

तुमी बाटीच काहून पुसली हे मले कळायले चार वर्सं लागली. तेबी तुमी सांगितलं नाही, तुमच्या बायकोनं, याडीनं, सांगितलं, मी जेवायले आली होती तवा. तुमी दुसरीत होते, गावातल्या मराठी शाळेत. डब्यात काय आणलं म्हणून गुरुजीनं विचारलं अन् तुमी म्हणले, बाटी. सगळा वर्ग हसला. मग दोन वर्सं गुरुजी तुमाले त्याच नावानं हाक मारत होते. बाटी, उभा राय. बाटी, पाढे म्हण. तिसरीत तुमी शाळा सोडली, ढोरामागं गेले. याडी हे सांगून राह्यली होती अन् तुमी ताटात मान घालून जेवत होते, जसं काही दुसऱ्या कोणाचं बोलणं चाललं आहे. नंतर हात धुताना एवढंच म्हणले, "मॅडम, माह्या नातवाईले कोणी हसलं नाही पाहिजे. बस. बाकी तुमी काहीबी करा."

मग मी तुमाले काय सांगणार होती? वरच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात का पोरगं आपल्या बोलीत शिकलं तं पुढं दुसरी भाषा बी लवकर येते. ते खरं आहे, मी डोळ्यानं पाहलं आहे. पण तुमी बी डोळ्यानं पाहलं होतं. तुमच्यापुढं ट्रेनिंगची फाईल उघडायची माही हिंमत झाली नाही.

तरी मी आपलं डावं-उजवं चालू ठेवलं. तुमी अधूनमधून खिडकीत येऊन खाकरत, मी तुमी दिसले का उजवीकडचं मोठ्यानं वाचत होती. असं आपलं बरं चाललं होतं, खोटं कायले बोलू. तुमी हुरडा आणून देत, मी तुमचे तहसीलीचे अर्ज लिहून देत होती, अन् दर मीटिंगात आपण भांडत होतो.

यंदा मात्र पिवळी गाडी फाट्यावर यायले लागली.

हायवेवरच्या इंग्रजी शाळेची ती गाडी. सकाळी टाय लावलेले चार पोट्टे तिच्यात बसले अन् सगळा तांडा गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहला. जुलैच्या मीटिंगात बाया-माणसं एवढी आली का वर्गात मावत नव्हती. एकच बोलणं. मॅडम पोट्ट्याईले आमचीच बोली शिकवते, मग तिकडच्या शाळेत काहून टाकू नये? दाखले द्या. हेडसरचा चेहरा उतरला. अजून पाच-सहा दाखले गेले असते तं पटसंख्येच्या नावाखाली शाळाच बंद करायचा कागद आला असता. हे तुमालेबी माहीत होतं, मलेबी.

तवा तुमी उठले. तुमी बोलायले उठले का तांडा चूप होते, हे मी नेहमी पाहलं. तुमी म्हणले, "दाखला कोणी काढायचा नाही. पण शाळेच्या आत आजपासून आपली बोली बंद. मराठी अन् इंग्रजी. मॅडम त्याच दोन भाषेत शिकवन. बोला, मंजूर?" सगळे म्हणले मंजूर. हेडसरनं प्रोसिडिंगमध्ये ठराव लिहिला, सह्या-अंगठे झाले.  मी म्हणलं, पहिलीच्या पोट्ट्याईचं तोंड बांधून मी शिकवू कशी? अन् तुमी सगळ्याईसमोर मले विचारलं, "मॅडम, तुमचं पोरगं कोणत्या शाळेत जाते?"

सगळ्याईले माहीत होतं. पांढरकवड्यात असलीच पिवळी गाडी माह्या दारासमोर थांबते.

"तुमच्या पोरासाठी तुमी निवडलं," तुमी म्हणले. आवाजबी चढवला नाही. "आमच्या पोरासाठीबी तुमीच निवडता?"

मी खाली बसली. याचं उत्तर मी तुमाले कवाच देल्लं नाही, तुमी परत विचारलंबी नाही. खाली बसता बसता माह्या पदराचं टोक बाकाच्या खिळ्याले अडकून फाटलं, ते तेवढं आठवते.

तिथंच थांबले असते तं काय बिघडलं असतं? कागदाचा ठराव होता, पुढच्या मीटिंगात दुसरा कागद केला असता. पण तुमी म्हणले, सह्या तं आमी कशावरबी करतो, सह्याईले काय अर्थ आहे. अन् सगळ्याईले घेऊन तांड्याच्या देवाच्या पांढऱ्या झेंड्यापुढं गेले. लापशीचा भोग लावला, अरदास केली. शाळेत पोट्टे बोली बोलणार नाही, आमी बोलू देणार नाही, पोट्टे साहेब होऊ दे. देवापुढं शब्द गेला, जबान गेली. मलेबी हात जोडून उभं केलं, अन् मीबी जोडले. सरकारी ठराव देवापुढं नेऊन बांधणारा अध्यक्ष मी तरी दुसरीकडं पाहला नाही बाप्पा. केंद्रप्रमुखाले मी सांगितलं तं ते हसले. म्हणले, वरून परिपत्रक आहे का बोलीत शिकवा, खालून पालकाईचा ठराव आहे का नका शिकवू, तुमी दोन्ही सांभाळून घ्या. सांभाळून घ्या म्हणजे काय करा हे कोणी सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये तुमी स्वतः पहारा द्यायले आले. वर्गात मागं भिंतीले टेकून बसले, पाय लांब करून. ठराव पाळला जाते का नाही पाहायले. तुमच्या नातीचा, पायलचा, पहिलीचाच वर्ग. पहिल्या दिवशी तुमी खुश. एकबी पोट्टं बोलीत बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुमी थोडे चुळबुळले. एकबी पोट्टं कशातच बोलत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी चित्र दाखवलं. बैलगाडी, गाडीत कापूस, वर बसलेला म्हातारा. "हे काय आहे?" म्हणून विचारलं. सगळे चूप. पायलनं चित्राकडं पाहलं, मग मान वळवून तुमच्याकडं पाहलं. तुमची दिवसभर बडबड करणारी पायल. तिच्या ओठावर आलेलं होतं, मलेबी दिसलं, तुमालेबी दिसलं. ती तुमच्याकडं पाहत राहली, तुमी तिच्याकडं. तुमीबी काही बोलू शकत नव्हते, पहाऱ्यावर बसून तुमीच बोली कशी बोलणार होते, अन् मराठीत नातीशी बोलायची तुमाले सवय नव्हती. मग ती परत समोर पाहायले लागली. तुमी गुडघ्यावर हात देऊन उठले अन् बाहेर गेले.

माणूस खोटं कायले बोलन, मले आनंद झाला होता. बरं झालं, पाहलं ना आता, असंच मनात आलं. त्याची लाज मले तुमी गेल्यावर वाटली.

मग चार-आठ दिवस तुमी शाळेकडं फिरकले नाही. अन् त्या सोमवारी, शाळा सुटल्यावर, मी स्कूटीले किल्ली लावून राह्यली होती तं तुमी पायलचं बोट धरून गेटपाशी उभे. दुपट्टा नव्हता खांद्यावर. मी म्हणलं, आता काय गुन्हा झाला माहा?

"मॅडम," तुमी म्हणले, "थे पोरगी घरीबी विचारून बोलते आता."

मले समजलं नाही.

"काल चुलीपाशी बसली होती. तिच्या आजीनं विचारलं, भूक लागली का. तं हिनं दाराकडं पाहलं. अन् मले विचारते, दादा, इथं बोलू का? आपल्या घरात, मॅडम. आपल्या चुलीपाशी."

कारभारी, तुमचा आवाज असा मी कवाच ऐकला नव्हता. मी स्कूटीची किल्ली काढून घेतली. तुमी पायलच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणले, "माह्यावर लोकं हसले म्हणून मी शाळा सोडली. पण मी घरी येऊन तं बोलत होतो. हिचं मी घरबी घेतलं." मग नाक पुसलं दंडाले अन् एकदम जुने कारभारी झाले. "शनिवारी मीटिंग लावा. मी उठतो अन् सांगतो. माह्या तोंडानं बांधलं, माह्याच तोंडानं सोडतो. कागदबी फाडू, झेंड्यापुढं माफीबी मागू. ज्यानं बांधलं त्यालेच सोडता येते, आमच्यात दुसऱ्याचं काम नाही ते."

"अन् दाखले?" मी विचारलं. "पिवळी गाडी?"

"गाडीले मी पाहतो," तुमी म्हणले. "पण मॅडम, तुमी तुमच्या पोराचं पाहा."

मी म्हणलं, शनिवारी बोलू. तुमी हसले. पायल तुमचं बोट ओढत होती, घरी चला म्हणून. तुमी निघाले. गुरुवारी सकाळी हेडसरचा फोन आला.

तुमच्या तेरवीनंतर शोकसभा झाली, त्याच वर्गात. नायक उठले, म्हणले, कारभाऱ्यानं मरायच्या आधी तांड्याले एक शेवटची जबान देल्ली, ती आपण जन्मभर पाळू, अन् त्याईच्या नावानं भिंतीवर लिहू. सगळ्याईनं माना हलवल्या. बाया रडल्या. याडी मांडीवर पायलले घेऊन बसली होती. मी उठली.  सांगितलं, कारभारी हा ठराव मागं घेणार होते, मले सोमवारी गेटपाशी म्हणले होते.

"कोणासमोर?" नायकानं विचारलं.

"पायलसमोर."

सगळ्याईनं पायलकडं पाहलं. नायक काही वाईट माणूस नाही, त्यानं तिले गोरबोलीत, मायेनं विचारलं का दादा मॅडमले काय म्हणले होते, सांग बेटा. मोठे सगळे त्या वर्गात बोलीतच बोलत होते, मोठ्याईले ठराव थोडाच होता. पायलनं भिंतीकडं पाहलं. फळ्याकडं पाहलं. मग दाराकडं. अन् ओठ घट्ट मिटून घेतले. तुमच्या नातीनं तुमचा ठराव पाळला, कारभारी. तांड्यात सगळ्यात इमानदारीनं तिनंच पाळला.

मी म्हणलं, तिले बाहेर नेऊन विचारा, आत ती बोलणार नाही. मागून एक बाप म्हणला, बाहेर नेऊन तुमी शिकवान तसं बोलन ती. दुसरा म्हणला, मॅडम, माणूस गेला, आता त्याच्या तोंडी शब्द नका टाकू. अन् मग कोणीतरी, कोण ते मी वळून पाहलं नाही, तुमचाच सवाल विचारला. मॅडम, तुमचं पोरगं कोणत्या शाळेत जाते?

मी परत खाली बसली. त्याच बाकावर.

सभा संपल्यावर नायकच माह्यापाशी आले, समजुतीनं म्हणले, मॅडम, अक्षर तुमचं चांगलं आहे, मजकूर तुमीच लिहून द्या, कारभाऱ्यालेबी बरं वाटन. मी नाही म्हणू शकली नाही. नाही म्हणलं असतं तं मॅडमचा कारभाऱ्यावर राग होता, असंच झालं असतं. घरी येऊन तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं. 'बोलावे' लिहिताना हात थांबला, मग लिहून टाकलं.

दोन दिवसांनी याडीकडं गेली. ती अंगणात तूर पाखडत होती. मले बसायले पोतं टाकलं अन् मी काही विचारायच्या आधी म्हणली, "माडम, पायलनं मले सांगितलं सगळं. घरी. दादा म्हणे मी सोडतो म्हणून." मी तिचा हात धरला, म्हणलं, मग तुमी उठून सांगा ना, तुमचं तांडा ऐकन. याडीनं सूप खाली ठेवलं. "अरदासीत माहीबी जबान गेली आहे. अन् मी सांगितलं तं म्हणतीन, नवरा मेला अन् बाई त्याचा शब्द फिरवते. त्याईनं स्वतः सांगितलं असतं तं गोष्ट अलग होती." मग म्हणली, "तुमाले बाटी देऊ का, गरम आहे."

मी खाल्ली. काय करू मग.

आता तुमच्या सवालाचं उत्तर देते म्हणलं तं देते, इथं कोणी ऐकून नाही राह्यलं. मी माह्या पोराले तिकडं भीतीनं टाकलं. डी.एड.मध्ये जे शिकली, नऊ वर्सं तुमच्या तांड्यावर जे केलं, जे खरं आहे म्हणून तुमच्याशी भांडली, ते माह्या पोराच्या वेळी मले पुरेसं खरं वाटलं नाही. शेजारणीचं पोरगं जात होतं, जाऊबाईचं जात होतं, सगळ्या मॅडमचे जातात. माहंच काहून मागं राहावं? तुमच्यात अन् माह्यात एवढाच फरक का तुमाले एक शाळा होती, त्यात तुमाले सगळं निवडायचं होतं, अन् मले दोन होत्या, एक शिकवायले अन् एक पोरासाठी, म्हणून मले भांडायची गरज नव्हती. माहं माहेर राळेगावकडलं, मी मले-तुले बोलणारी. पोरगं आता म्हणते, आई, माझे मित्र आले की नीट बोल ना. तवापासून त्याचे मित्र आले का मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत जाते. हे मी तुमाले गेटपाशीच सांगायले पाहिजे होतं. तुमी म्हणले असते, मॅडम, तुमीबी?

अन् एवढं कळूनबी मी त्याले तिथून काढून राह्यली नाही. सत्राच्या मधात कसं काढू, म्हणते. पुढच्या वर्षी पाहू, म्हणते. पुढच्या वर्षीबी मी हेच म्हणीन, माही मले खात्री आहे. तिकडून काढलं नाही तोवर इकडं माहं कोणी ऐकणार नाही, अन् काढायची हिंमत होत नाही. तुमी असते तं मले शिव्या देल्या असत्या. त्या शिव्याईची मले फार आठवण येते.

डावी बाजू आता फळ्यावर कोरी राहते. सवयीनं मी अजून मधात रेघ ओढते, मग पुसून टाकते. पोट्टे इंग्रजी कविता एका सुरात म्हणतात, खिडकीतून जाणारे बाप थांबून ऐकतात अन् खुश होतात. एकबी दाखला गेला नाही. शाळा वाचली, कारभारी. त्याच्यासाठी तुमचे उपकार मानायले पाहिजेत, अन् मी मानते म्हणते तवा ते खोटं नसते. तुमी त्या दिवशी उठले नसते तं आज या वर्गाले कुलूप असतं अन् मी झरीकडं कुठं तरी बदलीवर गेली असती.

आज दुपारी पेंटर बोर्ड टांगून गेला. मधल्या सुट्टीत सगळे पोट्टे बाहेर पळाले, बोर्ड पाहायले. पायल एकटी आत राहली. तिनं डबा उघडला, बंद केला, परत उघडला. मग डबा घेऊन माह्या टेबलापाशी आली. आजीनं काहीतरी जास्तीचं देल्लं असन, किंवा तुमच्याबद्दलच काहीतरी सांगायचं असन तिले, मले माहीत नाही. तीन महिन्यात ती पहिल्यांदा स्वतःहून माह्यापाशी आली होती. एकदम हळू, मराठीत, तिनं मले विचारलं.

"मॅडम, इथं बोलू का?"

मी हावच म्हणणार होती. आई शप्पथ, कारभारी, तोंडात आलं होतं. पण त्याच्या आधी मी दाराकडं पाहलं.

पायलनं माहे डोळे पाहले. डबा बंद केला अन् जाग्यावर जाऊन बसली.